डोंगरात गाडी लावायला शांत जागा हवी? मग आधी पाण्याचं बोला



भात झोडून झालं आणि पहाटे गोधडी लागायला लागली की दरवर्षी एक फोन हटकून येतो. "काका, सह्याद्रीच्या बाजूला कुठे शांत जागा आहे का? गाडी लावून दोन रात्री राहायचंय." पूर्वी ही माणसं तंबू घेऊन यायची, आता घरच घेऊन येतात. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास सगळं. बहुतेक गाड्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात, क्वचित एखाद्याच्या जीपमागे ट्रेलर जोडलेला दिसतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीत अशी गाडी आली तेव्हा शेजारच्या काकी पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. दोन मिनिटांत गाडीतला मुलगा बादली घेऊन आमच्या पडवीत. काकी म्हणाल्या, "घर संगती घेवन फिरत्यात, मंग पानी का न्हाय आनीत?"

सगळे हसलो. पण या विषयावर सरकारी कागदात आणि युट्यूबवर जेवढं बोललं गेलंय त्यापेक्षा काकींनी नेमकं विचारलं. म्हणून आज कलमं आणि फवारणी बाजूला ठेवून यावर लिहितोय. थोडं लांबेल.

माझं म्हणणं सरळ आहे. संगमेश्वर, लांजा, चिपळूण, खेड, राजापूर या तालुक्यांच्या डोंगराकडच्या शेतकऱ्यांनी या गाड्यांना नाही म्हणू नये, आणि त्यांच्यासाठी कुणी मोठं पार्क उभारतोय म्हणून जमीनही देऊ नये. आपल्याच वरकसावर एक, फार तर दोन गाड्यांची जागा ठेवावी. थंडीचे तीन महिने, आणि आपल्या अटींवर.

वरकस का म्हणतो? कारण तीच जमीन आपल्याकडे पडून आहे. नाचणी-वरी करणारे हात मुंबईला गेले, जे उरलेत त्यांचं पीक वांदर आणि डुकरं नेतात. दहा-पंधरा वर्षं नांगर लागला नाही की तिथं रान माजतं आणि मग एक दिवस दलाल येतो. आमच्या पलीकडच्या वाडीतला एक माळ असाच गेला. घेणाऱ्याने सगळ्यात आधी काय केलं? तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट. गुरं ज्या वाटेने पाणवठ्यावर जायची ती वाट आत गेली. आता गुरं अर्धा डोंगर वळसा घालून पाण्यावर जातात. विकणाऱ्याला पैसे मिळाले, ते मुंबईतल्या खोलीत गेले. वाट कुणाला परत मिळाली नाही. मला या गाड्यांमध्ये रस आहे तो एवढ्यासाठी: राहून जाण्याचं हे असं एक रूप आहे की ज्याला आपली जमीन फक्त रात्रीपुरती लागते. सकाळी चाकं फिरली की जमीन पुन्हा आपली. खोल्या बांधायच्या नाहीत, चिऱ्याच्या भिंती नाहीत, बँकेचं कर्ज नाही.

महाराष्ट्र शासनाने कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आणलं आणि कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये. दुसऱ्याच्या मागचा विचार असा की जिथं पक्कं बांधकाम करता येत नाही किंवा करू नये, तिथंही माणसाला रात्र काढता यावी. विचार चांगला आहे. डोंगराकडची आपली बरीच गावं पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात आहेत. वर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं काँक्रीट ओतण्यापेक्षा चाकावरचं घर कधीही बरं. पण "पार्क" हा शब्द आला की माझ्या कपाळावर आठी पडते. पार्क म्हटलं की वीस-तीस गाड्या, सपाटीकरण, जेसीबी, फ्लडलाइट. मग ती माणसं शांत जागा शोधत आली होती हेच राहून जातं.

इंग्लंडमध्ये याला एक जुना तोडगा आहे, तो मला फार आवडतो. तिथं १९६० च्या कॅरॅव्हॅन कायद्यात अशी सोय आहे की मान्यताप्राप्त कॅरॅव्हॅन क्लब एखाद्या शेतकऱ्याच्या जागेला प्रमाणपत्र देऊ शकतो, आणि अशा जागेवर क्लबच्या सभासदांच्या एका वेळी जास्तीत जास्त पाच गाड्या. पाचच्या वर नाही. मेंढ्या चरतायत, कोपऱ्यात चार-पाच गाड्या, एक नळ, घाण पाणी ओतायला एक ठरलेली जागा, संपलं. साठ वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. आपल्या डोंगराचा उतार, रस्ते आणि पाणी बघता पाचसुद्धा जास्त होतील. दोन पुरे.

आता जागेचं बोलू. गाडीवाल्यांना पहिल्यांदा आवडतो तो सडा. सपाट, मोकळा, चारी बाजूंनी देखावा. फोटो छान येतात. पण सड्यावर गाडी नेऊ देऊ नका, स्वतःच्या मालकीचा असला तरी. बोटभर मातीत बी आणि कंद झोपलेले असतात, पावसाळ्यात तिथंच सीतेची आसवं आणि तेरडा फुलतो. नोव्हेंबरात वाळलेलं दिसतं म्हणून ते पडीक नव्हे. दुसरं म्हणजे कातळशिल्पं. उक्षी, चवे, देवूड, कशेळी, बारसू ही नावं आता सगळ्यांना माहीत झाली, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण ज्यांच्याभोवती अजून दगडाचं साधं कडंही नाही अशी किती चित्रं गवताखाली असतील कुणास ठाऊक. चार टनाची गाडी त्यावरून एकदा वळली तरी कोरलेली रेघ जाते. आणि सड्यावर पाणी नाही, सावली नाही, वाऱ्याला अडथळा नाही. देखावा सोडला तर मुक्कामाच्या दृष्टीने तिथं काहीच नाही.

भाताच्या खाचरातही नको. कापणीनंतर सपाट दिसतं, गाडी सहज उतरेल असं वाटतं. पण बांध फुटतो, आणि ज्यांनी मागच्या ओलीवर कुळीथ किंवा पावटा टाकलाय त्यांचं पीक चाकाखाली जातं.

मग राहतं ते घरामागचं किंवा मांगराजवळचं वरकस. मुरमाड, थोडं उंचावर, पावसाचं पाणी निघून जाणारं. तीस फूट बाय वीस फूट सपाट मिळालं तर एक गाडी नीट उभी राहते, बाजूला दोन खुर्च्या टाकता येतात. आंब्याची बाग शक्यतो लांब असावी, त्याचं कारण पुढे सांगतो. घराची हाक ऐकू जाईल एवढं अंतर असावं. बिबट्या आणि गवे दोन्ही आपल्या भागात फिरतात, शहरातल्या माणसाला एकांत हवा असतो पण रात्री दोनला पत्र्यावर काही वाजलं की त्याला तुमचा फोन नंबर हवा असतो.

रस्त्याची एक साधी कसोटी आहे. आंब्याच्या पेट्या न्यायला येणारा पिकअप जिथं वळतो, तिथंपर्यंतच गाडी बोलवा. त्यापुढे नाही. आपल्या वाड्यांचे रस्ते दोन्ही बाजूंनी गडग्यांनी धरलेले, एका वळणावर एक गाडी. समोरून एसटी आली तर मागे कोण जाणार? ट्रेलरवाला तर मागे घेताना हमखास अडकतो, कारण ट्रेलर मागे नेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं आणि ती सवय आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली चालवणाऱ्यालाच असते. पऱ्यावरचे साकव किती वजन घेतील हे ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. आणि मोबाइलच्या नकाशावर विसंबून येऊ नका असं पाहुण्याला आधीच बजावा. नकाशा पाखाडीलाही रस्ता समजतो. आंबा घाटातून येणाऱ्याला साखरप्याला थांबायला सांगायचं आणि तिथून स्वतः किंवा कुणाला तरी पुढे पाठवायचं, हे सगळ्यात बरं.

आता पाणी. इथं मी जरा थांबणार आहे.

नोव्हेंबरात आपल्या विहिरी भरलेल्या दिसतात, पऱ्ये वाहत असतात. पाहुणा म्हणतो, इथं तर पाणीच पाणी! त्याला एप्रिल माहीत नसतो. कोकणात एवढा पाऊस पडून मेमध्ये डोंगरावरच्या वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, टँकर लागतो हे त्याला सांगूनही खरं वाटत नाही. जांभा दगड पाणी पितो तसा सोडतोही. वर पडलेलं पाणी झऱ्यांनी खाली निघून जातं, धरून ठेवायला काही नाही.

हिशोब करून बघा. आमच्याकडे नव्या आंबा कलमाला पहिल्या वर्षी आठवड्याला साधारण ३० लिटर पाणी देतो. गाडीची टाकी १२० लिटरची धरली तर एक टाकी म्हणजे चार कलमांचं आठवड्याचं पाणी. चार माणसं गाडीत अंघोळ करून, भांडी घासून ती टाकी दीड दिवसात रिकामी करतात. जानेवारीपर्यंत मला हे चालतं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर चालत नाही, पाहुणा कितीही चांगला असला तरी. म्हणून माझी अट अशी: टाकी घाटाखाली किंवा हायवेवर भरून यायची, इथं प्यायला हंडाभर आणि रोज दोन बादल्या मिळतील. त्यावर लागलं तर टाकी भरायला पुन्हा खाली बाजारापर्यंत जायचं. कडक वाटतं ना? मला अजून तरी कुणी यावरून नकार दिलेला नाही. आधी सांगितलं की माणसं ऐकतात. आल्यावर सांगितलं की कुरकुरतात.

पाणी आलं म्हणजे सांडपाणीही आलं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. गाडीत दोन प्रकारचं घाण पाणी असतं. भांड्यांचं-अंघोळीचं एक, संडासचं दुसरं. पहिल्याचं सोपं आहे. साधा साबण वापरला असेल तर माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा, झाडं खूश. दुसऱ्याचं अवघड. या गाड्यांच्या संडासाच्या डब्यात वास येऊ नये म्हणून एक निळं-हिरवं रसायन घालतात. त्यातल्या काही रसायनांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते जंतू मारतं, म्हणूनच वास येत नाही. पण आपल्या शोषखड्ड्यातलं मळाचं खत हे जंतूच करतात. ते मेले तर खड्डा काम करायचा थांबतो, आणि न कुजलेलं सगळं जांभ्यातून खाली झिरपतं. खाली काय आहे? आपली विहीर, नाहीतर खालच्या वाडीची.

विहिरीपासून संडासचा खड्डा किमान ५० फूट लांब असावा असं साधारण सांगतात. मातीच्या जमिनीत ते ठीक आहे. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी मातीतून गाळत जात नाही, सरळ वाहत जातं. म्हणून मी दुप्पट अंतर धरतो, आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूलाच हवा, वरच्या बाजूला कधीच नाही. सगळ्यात बरं म्हणजे पाहुण्याला सांगायचं की गाडीतला संडास बंद ठेव, आमच्या घराजवळचा दोन खड्ड्यांचा संडास वापर. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्याचं पुढे खत होतं. जे म्हणतात आम्हाला गाडीतलाच लागेल, त्यांनी डबा जसा आणला तसा भरलेला परत न्यायचा. पऱ्यात ओतताना कुणी दिसला तर त्याच क्षणी निरोप. यात भिडस्तपणा नको. खालच्या वाडीतली पोरं तोच पऱ्या पितात.

घाटावरचे शेतकरी धनगराच्या मेंढ्या रात्री आपल्या रानात बसवून घेतात. तळ पडतो, सकाळी कळप पुढे जातो आणि मागे लेंडीखत राहतं. त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य नाहीतर पैसे देतो, उलट नाही. मुक्काम म्हणजे जमिनीला काहीतरी देऊन जाणं, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. गाडीवाल्याकडून लेंडीची अपेक्षा नाही. पण निळं पाणी तरी सोडून जाऊ नये!

फवारणीचं कारण आता सांगतो. शहरातला माणूस ज्या थंडीसाठी येतो तिच थंडी आंब्याला मोहोर आणते. म्हणजे त्याचा सुट्टीचा काळ आणि आपला तुडतुडे-भुरीच्या फवारण्यांचा काळ एकच. काजूवाल्यांचं तसंच, पालवी-मोहोराला ढेकण्या आला की फवारा आलाच. पंपाचा आवाज तर असतोच, पण औषधाचा उडालेला तुषार वाऱ्यावर किती लांब जातो हे आपल्याला माहीत आहे. गाडीबाहेर पाळण्यात झोपलेलं मूल आणि शंभर फुटांवर एचटीपी पंप, हे चालणार नाही. म्हणून बाग आणि मुक्काम यांच्यात अंतर, वाऱ्याची दिशा बघून जागा, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी पाहुण्याला स्पष्ट सांगणं. ज्या आठवड्यात फवारणी ठरलीय त्या आठवड्यात बुकिंगच घेऊ नका. ते हजार-दीड हजार सोडा. मोहोर गेला तर वर्ष जातं.

शांततेबद्दलही एक गैरसमज आहे. डोंगरातली शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे. पहाटे कोंबडा आरवणार, कुत्री भुंकणार, एकादशीला देवळात भजन होणार. एका पाहुण्याने मला अगदी नम्रपणे विचारलं होतं की कोंबडा दुसरीकडे कुठे बांधता येईल का. त्याला म्हटलं, तो इथला कायमचा रहिवासी आहे, तुम्ही दोन दिवसांचे. पण त्यांचा जनरेटर आणि स्पीकर हा वेगळा विषय. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. मी संध्याकाळी सातनंतरच बंद म्हणतो. देवराईजवळ तर दिवसाही नको. आपल्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते आणि नर बाहेरून फळं आणून चोचीने भरवतो. तो घाबरून यायचा थांबला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी.

आगीबद्दल बोलायला मी कचरत नाही, कारण वणव्याने बागा गेलेली माणसं आपल्यातच आहेत. डिसेंबरअखेर गवत वाळतं. एक शेकोटी, एक सिगारेटचं थोटूक, वारा सुटला की अर्ध्या तासात काजूची दहा वर्षांची बाग संपते. मुक्कामाच्या जागेभोवती दहा-बारा फूट जाळरेषा काढा, गवत मुळापासून साफ. शेकोटी फक्त चिऱ्याच्या चुलीत, घरच्या माणसाच्या देखत, शेजारी पाण्याची कळशी. जानेवारीनंतर शेकोटीच नाही. कुणाला रागावायचं तर रागावू दे.

पावसाळ्याबद्दल विचारतात. धबधबे, धुकं, हिरवं. माझं उत्तर नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं त्याच दिवसांत खेडच्या पोसरेत डोंगर खाली आला. २०१४ मध्ये माळीण, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. पाण्याने फुगलेल्या उतारावर आपण स्वतः जीव मुठीत धरून राहतो, तिथं चार टनाचं घर आणून झोपा असं कुणाला सांगायचं? मे महिनाही नाही. त्या वेळी पेट्या, आढ्या, नेपाळी कामगार, पाण्याची ओढ आणि भरीला मुंबईचे आपलेच लोक. गणपती आणि शिमग्यालाही नको, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते. मार्लेश्वरच्या वाटेवरच्या गावांनी संक्रांतीचे दिवस सोडावेत, यात्रेच्या गर्दीत गाडी देवरुखलाच अडकेल. एकूण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, एवढंच.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपले सातबारा तुम्हाला माहीत आहेत, एका गटावर वीस-तीस नावं, निम्मी परळ-विरारला. सामायिक जमिनीवर गाडी लावण्याआधी सहहिस्सेदारांना निदान फोन करा, पहिली चार रुपयांची कमाई दिसली की भाऊबंदकी जागी होते. शेतीपंपाच्या मीटरवरून गाडीला वायर देऊ नका. शेतीसाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसतं आणि बिल डोळे पांढरे करतं. पाहुण्यांची ओळखपत्रं घेऊन ठेवा, पोलीस पाटलांच्या कानावर घाला. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, ज्यांना नियमित करायचंय त्यांनी करून घ्यावी. वनखात्याच्या हद्दीत तर नुसता विचारही नको.

पैसे किती मिळतील, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. गाडीमागे रात्रीचे ८०० रुपये धरा. तीन महिन्यांच्या नव्वद रात्रींपैकी शनिवार-रविवार आणि नाताळ मिळून तीस भरल्या तर २४,००० रुपये. घरची भाकरी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार, सोलकढी दिली तर त्यावर आणखी थोडं. यात कुणी श्रीमंत होत नाही. पण काजूचा दर पडलेल्या वर्षी फवारणीचा खर्च निघतो, आणि मुख्य म्हणजे दलाल दारात आल्यावर "ही जमीन पडून आहे" हे त्याचं पहिलं वाक्य खोटं ठरतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाटतं की वरकसावर पुन्हा कुणाचा तरी वावर सुरू झाला.

काही मित्रांचं म्हणणं असं की एकदा चार गाड्या आल्या की चाळीस येतील, माचाळचं काय होईल बघा. लांज्यातलं माचाळ, मुचकुंदी जिथं उगम पावते ते गाव, आत्ताआत्तापर्यंत पायी चढून जायचं ठिकाण होतं. अलीकडे रस्ता झाला आणि गर्दीची भीती सुरू झाली. भीती खरी आहे. पण रस्ता नको असं म्हणायचा हक्क मला नाही, तिथल्या आजारी माणसाला डोलीतून उतरवावं लागत होतं. प्रश्न रस्त्याचा नाही, रस्त्याने आलेल्याने कुठे थांबायचं हे कोण ठरवणार याचा आहे. आपण ठरवलं नाही तर ते रस्त्याकडेला, सड्यावर, पऱ्याच्या काठी थांबतातच. आजही थांबतात. प्लेट, बाटल्या आपण उचलतो आणि पैसे कुणालाच मिळत नाहीत. ग्रामसभेत एकदा ठराव करून गावात एकूण किती गाड्यांच्या जागा हे ठरवून टाका. पाच म्हणजे पाच, मग सरपंचाचा मेहुणा आला तरी सहावी नाही.

जाता जाता कृषी विद्यापीठातल्या आणि कृषी विभागातल्या मित्रांना दोन प्रश्न. जांभ्याच्या जमिनीत शोषखड्ड्याचं पाणी नेमकं किती लांब जातं, हे घरच्या घरी तपासायची सोपी पद्धत कुणी सांगेल का? आणि गाडीतल्या संडासाला फॉर्मल्डिहाइड नसलेली, खड्ड्यातले जंतू न मारणारी औषधं बाजारात आहेत म्हणतात. त्यांतलं कुणी प्रत्यक्ष दोन खड्ड्यांच्या संडासात वापरून बघितलंय का? कमेंटमध्ये लिहा. मी या रविवारी वरकसाच्या कोपऱ्यात तीस बाय वीसची आखणी करतोय, चुना आणि दोरी आहे. साखरपा-देवरुख बाजूचं कुणी येत असेल तर टेप घेऊन या, माझी उंदराने कुरतडलीय.